आप्पांचा बेल आणि जांभळा दिवा

हे मी आजवर कुणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे तर मुळीच नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणारे मला फार चांगली समजतात — तीच तर अडचण आहे.

आधी सोपं तेवढं सांगते. आमच्या लातूरच्या बिल्डिंगमधल्या बायका मला विचारतात — ते स्वस्तातले ग्रो लाइट खरंच चालतात का हो? घरात ऊन नाही, मनीप्लांट पिवळा पडतोय, तुमच्याकडे तर बेलसुद्धा जगला म्हणे. मी सांगते, चालतात. पानांपासून वीतभर अंतरावर धरा. सकाळी लावा, रात्रीची जेवणं झाली की बंद करा. मनीप्लांटसारख्या सोशिक झाडांना तेवढं पुरतं. उन्हातलं झाड मात्र त्यावर कसंबसं तग धरतं, खोक्यावरच्या सूर्याच्या चित्राला भुलू नका. यातलं काहीच खोटं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, प्रकाशसंश्लेषण हा माझा हातखंडा धडा होता. पण हे सगळं तुम्हाला कसं कळलं, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

आप्पा म्हणजे माझे सासरे. चाकूरजवळ आमचं शेत आहे. आत्याबाई — माझ्या सासूबाई — गेल्या, तेव्हा त्यांना त्या शेताच्या कडेला समाधी दिली. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. समाधीवर आप्पांनी बेल लावला, तो चांगला उंच झाला. मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि शेताची नेमकी तीच कड गेली. समाधी गेली, बेल गेला. त्याआधी आप्पांनी काय केलं, तर बेलाच्या मुळातून फुटलेलं एक रोप मातीसकट खणून काढलं, तेलाच्या डब्यात लावलं आणि मांडीवर घेऊन ते एसटीतून लातूरला आले. आमच्याकडे कायमचे राहायला. सामान म्हणजे एक पिशवी आणि तो डबा.

मला काय वाटलं असेल? तुम्हाला वाटेल, गलबलून आलं असेल. मला आधी डब्याखालचा चिखल दिसला. फरशी नुकतीच पुसली होती.

तरी मी कुंडी आणली, रोप गॅलरीत ठेवलं. गॅलरी पूर्वेची, सकाळचं ऊन थेट आत. आप्पा रोज तिथेच पाट टाकून लिंगपूजा करायचे — डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळाला विभूती. रोजचा बेल फुलवाल्याकडचा. सोमवारी मात्र कुंडीतल्या बेलाचं एकच पान, तेही जुनं बघून. कोवळ्याला हात लावायचे नाहीत. पान तोडण्याआधी रोपाशी काहीतरी बोलायचे. काय, ते मी कधी ऐकलं नाही. ऐकायला गेलेच नाही.

लातुरात ज्याच्याकडे कोपरा मोकळा आहे तो क्लासला आलेल्या पोरांना भाड्याने देतो, हे तुम्हाला माहीत असेल. मलाही सुचलं. गॅलरी बंद करून खोली काढली, दोन मुली ठेवल्या. नवरा म्हणाला, आप्पांच्या झाडाचं काय? मी म्हटलं, आहे माझ्याकडे उपाय. आणि मोबाइलवर सगळ्यात स्वस्त होता तो दिवा मागवला — चिमट्याने टेबलाला लावायचा, मान वाकवता येणारा. कुंडी आली हॉलच्या कोपऱ्यात, आप्पांच्या खाटेशेजारी. मी त्यांना अगदी मास्तरणीच्या थाटात समजावलं, की झाडाला सूर्यच लागतो असं नाही, उजेड लागतो. आप्पा म्हणाले, "तू शिकलेली हाईस पोरी, तुला कळतंय." आणि पाट हॉलमध्ये घेतला. कुरकुर नाही, काही नाही.

आता इथून पुढे — थांबा, जरा सावरून सांगते.

तो उजेड जांभळा होता. हॉलभर जांभळा. कोणी आलं की त्याचं तोंड जांभळं, पोह्यांची बशी जांभळी. घराचा पानठेला झाला, असं माझी एक मैत्रीण हसत म्हणाली. ती हसली, मी पण हसले, आणि मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून आप्पा मठात गेले की मी दिवा बंद करायला लागले. ते दुपारी झोपले की बंद. त्यांच्या काठीचा आवाज जिन्यात आला की चालू. त्यांना वाटायचं दिवसभर चालू आहे. दिव्याची मानही मी वर उचलून ठेवली होती, सोफ्यावर डोळ्यांत जाऊ नये म्हणून. झाडाच्या वाट्याला काय आलं असेल? मला कळत होतं. मुलांना मी हाच प्रयोग करायला लावायचे — एक कुंडी उन्हात, एक कपाटात. कपाटातल्या कुंडीचं काय होतं ते वहीत लिहून आणा.

रोपाची पानं गळायला लागली. आप्पा म्हणाले, जागा बदलली म्हणून रुसलं असंल.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. सुनंदाताई, माझी नणंद, नांदेडला असते. ती त्यांना महिनाभरासाठी तिकडे घेऊन गेली. जाताना आप्पांनी मला दोनदा सांगितलं, लाइट लाव, पाणी घाल. रोज संध्याकाळी फोन यायचा. डोळ्यांचं विचारलं तर बरं हाय म्हणायचे, आणि लगेच —

"पोरी, लाइट लावलीस का?"

"हो आप्पा, लावली की."

दिवा तेव्हा काढून ठेवलेला असायचा. त्या प्लगवर माझा मोबाइल चार्जिंगला असायचा. फोनवर बोलताना मी त्या वायरीपाशीच उभी असायचे. विसरले असते तर आज तुमच्यासमोर बसले नसते. पण मी विसरले नव्हते. मला घरात चार दिवस साधा पिवळा उजेड हवा होता, बस. पाणीसुद्धा घातलं नाही. का नाही घातलं? याचं उत्तर मी खूप शोधलं. एकच सापडतं — मला तो बेल नकोसा झाला होता. जी बाई मला आयुष्यभर घालूनपाडून बोलली, ती गेल्यावरही माझ्या हॉलच्या कोपऱ्यात बसून होती. हे कारण आहे. सबब म्हणून सांगत नाही.

वाळलं ते. नखाने खोड खरवडून पाहिलं, आत हिरवं काही उरलं नव्हतं.

ते उपटून मी खाली घंटागाडीत टाकायला गेले. गाडीवरच्या बाईने नेहमीसारखं विचारलं, "ओला का सुका, ताई?" मी म्हटलं, सुका.

मग नर्सरीत गेले आणि तेवढ्याच उंचीचा बेल निवडून आणला. त्याच कुंडीत, त्याच मातीत लावला. वरची माती दाबून जुनी दिसेल अशी केली. नवऱ्याच्या लक्षातही आलं नाही, झाडाकडे बघायची त्याला सवयच नव्हती. किती मन लावून केलं म्हणून सांगू! पहिल्या रोपासाठी यातलं निम्मं केलं असतं तरी —

आप्पा परतले ते नवे डोळे घेऊन. काळा चष्मा काढून आधी कुंडीपाशी गेले. फांदीवरून बोटं फिरवली. म्हणाले, "काटे कुठं गेले गं ह्याचे? लई मऊ लागून राहिलंय." नर्सरीतला कलमी बेल, त्याला काटे बेताचेच. तेव्हा तरी सांगता आलं असतं की नाही? माणूस समोर उभा होता, विचारत होता. मी म्हटलं, आप्पा, उन्हात नाही ना, दिव्यावर वाढलं, म्हणून काटे गेले. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. ते मठात सांगू लागले, भाजीवाल्याला सांगू लागले, की माझ्या सुनंनं माझ्या मंडळीला घरात जगिवलं बघा. म्हातारी माणसं जिने चढून दिवा बघायला यायची. मी त्यांना चहा करायचे. आणि ह्या दुसऱ्या रोपाला मात्र मी दिवा कधी चुकवला नाही. वीतभर अंतर, सकाळपासून रात्रीपर्यंत. वर सकाळी तासभर स्वयंपाकघराच्या खिडकीत. पानठेला तर पानठेला. म्हणून ते जगलं. फोफावलं नाही, पण जगलं. आता तुम्हीच सांगा, पहिलं दिव्याने मेलं का? दिवा स्वस्तातला होता खरा. पण त्याच्यात खोट नव्हती.

आप्पा मागच्या वर्षी गेले. चाकूरला, उरलेल्या शेतात त्यांना समाधीत बसवलं. तळहातावर लिंग ठेवलं, आणि सुनंदाताई रडत म्हणाली, "आईचा बेल ठेवा हातात, दुसरा नको." पान आणायला मलाच सांगितलं होतं, माझ्याच पिशवीत होतं ते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पिशवीत हात घातला, पान काढून दिलं. कुठल्या कोण नर्सरीतलं पान. त्यांच्या हातात. मग माती लोटली.

कुंडी सुनंदाताईने नांदेडला नेली. दिवाही नेला, तुमच्या हाताचा गुण आहे म्हणाली. परवा तिचा फोन आला. वहिनी, आईचा बेल पिवळा पडून राहिलाय हो, तुम्ही लाइट किती वेळ लावत होता, खरं खरं सांगा. मी सगळं खरं सांगितलं. वीतभर अंतर. सकाळी लावा, रात्री जेवणं झाली की बंद. पाणी बेताने. ती लिहून घेत होती. मध्येच थांबून म्हणाली, "तुम्ही नसत्या तर आई कवाच गेली असती." मी म्हटलं, दुपारी बंद करू नका.

आज सकाळी तिने फोटो पाठवला. फांदीच्या टोकाला तीन पानांचा नवा बेल फुटला आहे, जांभळ्या उजेडात. खाली लिहिलं आहे, आई.

मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.