बाईंचं ‘चालेल’

जगताप बाई गेल्या त्याच्या चारच दिवस आधी मी त्यांना भेटलो होतो, हे लिहितानाही लाज वाटते. निमगाव केतकीला भावाच्या घरी, मागच्या खोलीत त्या पोट दाबून बसल्या होत्या. त्यांचे धाकटे भाऊ, तात्या, दारातूनच म्हणाले, “आक्का, दवाखान्याचं सोमवारी बघू. आत्ता ऊसतोड चालू हाय.” बाई म्हणाल्या, “चालेल.” मी चहा संपवला आणि बारामतीला परतलो. बाई रविवारीच गेल्या.

याच बाईंनी आम्हाला नववीत मराठी शिकवलं. एका जुन्या कादंबरीत मामाकडे वाढणारी पोरकी मुलगी होती. आम्ही सगळ्यांनी तिला ‘समजूतदार’ लिहिलं. बाईंनी वह्या मिटायला लावल्या. मला आकड्यांची खोड, म्हणून पुस्तक माझ्या हातात दिलं. “ही पोरगी ‘चालेल’ किती वेळा म्हणते आणि ‘पाहिजे’ किती वेळा, मोजून आण.” पेन्सिलीनं खुणा करत मी दोनदा मोजलं. शिळी भाकरी चालेल, दाराशी झोपणं चालेल, शाळा सुटली तरी चालेल... ‘पाहिजे’ कुठेच नाही. “म्हंजी बाई, तिला काय नकोच हाय?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. बाई हसल्या नाहीत. “नको असतं तर ‘नको’ म्हणाली असती. तिला मागायची सोय नाही रे.”

दशक्रियेला सहा जण बोलले. सहाही जणांनी कौतुकानं तेच सांगितलं, बाईंनी कधी काही मागितलं नाही. तात्या मान हलवत म्हणाले, “आक्काला काय लागायचंच न्हाय.” तात्यांची किळस आली, हे खरं. पण त्यांना तो धडा कुणी शिकवला नव्हता. मला शिकवला होता, मोजायला लावून. तरी त्या खोलीत तो शब्द ऐकून मी कप तेवढा खाली ठेवला होता...

निघताना तात्यांच्या पत्नीनं ओसरीवरचा गठ्ठा दाखवला. “बाईंची बुकं. रद्दीत चाललीत. तुमाला पायजे का एखादं?”

“पायजे,” मी म्हणालो.

त्या गठ्ठ्यातली ती कादंबरी आता माझ्या टेबलावर असते. शेवटच्या पानावर माझंच शाळकरी अक्षर आहे: ‘चालेल – तेवीस. पाहिजे – शून्य.’ त्याखाली बाईंच्या लाल शाईत, बरोबरची खूण.