आप्पांचा सिग्नल आणि आमची घरघर

रेडिओवाल्यांच्या कंपूत किश्शांचा तुटवडा कधीच नसतो. स्टेशनं कमी सापडतात, गोंधळच जास्त! नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आम्ही काही मराठी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, शनिवारी शिरीषच्या घरी जमतो. त्यामुळे बहुतेक किस्से शिरीषचेच. ऑफिसात तो भला माणूस आहे. सोल्डरिंग आयर्न हातात आलं की त्याच्या अंगात येतं.

या सगळ्याचं मूळ म्हणजे सांगलीचे आप्पा. शिरीष शाळेत असताना त्यांनी त्याला मोर्स, म्हणजे टिकटिकीची सांकेतिक लिपी, शिकवला. गेल्या वर्षी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. व्हिडिओ कॉल लावला की तोंड फिरवून बसतात. पण त्यांच्या मुलाने कळवलं, "आप्पा डाव्या हाताने मोर्सची की दाबायला शिकलेत. रविवारी संध्याकाळी सेटवर बसतात." शिरीषला त्यांना एकदा ऐकायचं होतं, आणि त्याच्या सेटमध्ये नुसती घरघर!

*

एका शनिवारी शिरीषने जाहीर केलं, "मला एक गूढ स्टेशन सापडलंय. बँडभर ठरावीक अंतरावर तोच आवाज. दिवसरात्र चालू!"

आठवडाभर रेकॉर्डिंग केलं होतं पठ्ठ्याने. मी टेबलाखाली वाकले. रेडिओ बॅटरीवर होता, पण लॅपटॉपसाठी त्याने ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला स्विचिंग रेग्युलेटर जोडला होता. व्होल्टेज उतरवणारी ही पिटुकली पट्टी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते आणि तिची कुरकुर रेडिओत उमटते. मी वायर काढली. स्टेशन गप्प!

"अरेरे," शिरीष म्हणाला, "किती जोरात येत होतं गं!"

*

मग फेराइटच्या कड्यांची मोहीम निघाली. काळ्या, जड कड्या. वायरचे त्यांच्यातून दोन-चार वेढे घेतले की बराचसा गोंगाट तिथेच अडतो. राउटर, टीव्ही, चार्जर, शिरीषने सगळ्यांना कड्या चढवल्या. पुण्याहून आलेल्या त्याच्या सासूबाईंनी हे सगळं बघितलं आणि हळूच विचारलं, "शिरीषराव, घराला कोणाची दृष्ट लागलीय का?"

"लागलीय ना, चार्जरची!"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या मोबाईलच्या वायरला एक कडी मागून घेतली. म्हणाल्या, "असू दे. नुकसान तर काही नाही!"

*

रेग्युलेटरला धातूच्या डब्यात कोंडायचं ठरलं, आणि अंजलीचा, म्हणजे शिरीषच्या बायकोचा, चिवड्याचा स्टीलचा डबा गायब झाला. डब्याला भोकं पाडली, वायरींच्या तोंडाशी फिल्टर बसवले, झाकण घट्ट लावलं. निम्म्याहून जास्त घरघर गेली! आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर अंजली दारात.

"चिवडा कुठाय?"

चिवडा सुपरमार्केटच्या कागदी पिशवीत होता. त्यांची लेक इरा तोंडात घास धरून म्हणाली, "आई, चिवडा इज सॉफ्ट नाऊ. बट द रेडिओ इज सो क्वाएट!"

अंजलीने डब्याला हात घातला होता, तो मागे घेतला. "आप्पांशी बोलणं होऊ दे. मग मला नवा डबा आणून द्यायचा. आणि चिवडाही तूच करायचास!"

*

उरलेली घरघर घरातली नव्हतीच. छोटा रेडिओ हातात धरून मी आणि शिरीष मागच्या गल्लीत फिरलो. आवाज वाढत वाढत शेजारच्या अनेमीकबाईंच्या कुंपणाशी पोचला. आत टोमॅटोच्या रोपांवर एलईडी दिवे. बाई बाहेर आल्या.

"काय शोधताय?"

"आवाज," शिरीष म्हणाला.

बाईंनी शांतपणे आपली अजेंडा-वही, म्हणजे भेटीगाठींची डायरी, आणली आणि आम्हाला पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी कॉफीची वेळ दिली! इथे गोंगाटसुद्धा अपॉइंटमेंट घेतल्याशिवाय थांबत नाही. मंगळवारी प्रत्येकी एक बिस्किट मिळालं आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण लागलं. शिरीषने दिव्यांच्या सप्लायला फिल्टर बसवून दिला आणि बोलता बोलता आप्पांचं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मग रविवारी ते बसतील तेव्हा मी दिवे बंदच ठेवते. टोमॅटो तासभर झोपतील."

त्या क्षणी मला त्या बाई फार आवडल्या. न मिळालेल्या दुसऱ्या बिस्किटाचा रागही गेला.

*

रविवारी दुपारी, म्हणजे सांगलीच्या संध्याकाळी, आम्ही सगळे सेटभोवती जमलो. अनेमीकबाईही दिवे बंद करून आल्या. बँड इतका स्वच्छ आम्ही त्या घरात कधी ऐकला नव्हता. बराच वेळ काहीच नाही. मग तळातून अगदी बारीक टिकटिक. कॉलसाइन, म्हणजे पाठवणाऱ्याची ठरलेली खूण, ओळखताच शिरीषचे डोळे भरले.

"आप्पाच!"

त्याने भराभर की दाबली. रोमन अक्षरांत, मराठीत: "आप्पा, मी शिरीष. कसे आहात?"

उत्तर सावकाश आलं, एकेक अक्षर सुटं आणि नीट. शिरीषला रडू आवरेना, म्हणून कागदावर मी उतरवून घेत होते. टिकटिक थांबली.

"काय म्हणतायत?" अंजलीने विचारलं.

मी वाचून दाखवलं, "तुझा हात फार घाईत आहे. पुन्हा पाठव."

शिरीषने डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि पहिल्या अक्षरापासून पाठवायला लागला.