चार दिवस होडी गेली नाही

आमचे मुळ्ये सर कॉम्प्युटरचे मास्तर झाले ते नाइलाजाने. १९९८ साली आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्स आला, शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा प्रिन्सिपॉलांनी तो फिजिक्सच्या गोपाळकृष्ण मुळ्यांच्या गळ्यात बांधला. सरांनी तोवर कॉम्प्युटर लांबूनच पाहिलेला. पहिल्या वर्षी म्हणे आदल्या दिवशी पुस्तक वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच वर्गात सांगायचे. कोणी पुढचं काही विचारलं की म्हणायचे, "ते उद्या. घाई कसली आहे गो तुला?" पण शिकले हो! पन्नाशीला टेकलेला माणूस, शिकायचं म्हटलं आणि शिकला.

मी त्यांच्या हाताखाली आले तोवर ते चांगले तयार झाले होते, आणि एका गोष्टीने त्यांचं डोकं उठायचं. शेवटच्या वर्षाला शंभर मार्कांचं प्रोजेक्ट असायचं. मुलं मुंबईहून तयार प्रोजेक्ट आणायची, वरचं नाव बदलायची, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं काढून घ्यायची, की झालं काम. "शिंच्यांनो, मार्क बाइंडिंगवाल्याला देऊ काय?" सर ओरडायचे.

२००५ च्या पावसाळ्यात त्यांना इंटरनेटवर एक योजना सापडली. ओपन सोर्स म्हणजे कोणीही फुकट वापरावेत, उघडून बघावेत आणि सुधारून परत द्यावेत असे प्रोग्राम. असं काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना ही योजना एक मार्गदर्शक द्यायची, आणि कॉलेजची तयारी असेल तर ते काम परीक्षेत धरता यायचं. सर तीनदा विद्यापीठात जाऊन बसले. शेवटी एका वर्षापुरती परवानगी मिळाली: पंधरा एप्रिलपर्यंत काम त्या प्रोग्राममध्ये स्वीकारलं गेलं तर प्रोजेक्टचे शंभर मार्क, नाही तर शून्य आणि वर्ष वाया. हे ऐकून अख्खा वर्ग पांगला. उरलो दोघं. मी, उर्वी शेवडे, आणि मंडणगडकडचा सागर घाग. सागरच्या भावाने मुंबईत त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती, पास झाला की जूनपासून हजर. त्याला वर्ष वाया घालवणं परवडणारंच नव्हतं, तरी तो थांबला, कारण सरांनी त्याला "तू जमवशील" असं म्हटलं होतं.

आमचा प्रोग्राम भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचा. मार्गदर्शक होत्या इंग्रिड नावाच्या बाई, नॉर्वेतल्या एका बंदरात नोकरीला. त्यांचा प्रोग्राम आमच्या भाट्याच्या खाडीची भरती साफ चुकीची सांगायचा. आम्ही तो सुधारायचा होता, आणि त्यासाठी बाईंना हवा होता पुरावा: अमावास्या ते अमावास्या, रोज सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला पाण्याची उंची. आम्ही धक्क्याला खुणा केलेला बांबू बांधला आणि चार-चार दिवसांच्या पाळ्या लावल्या.

आणि माझ्या एका पाळीत नेमकं चिपळुणात मामेबहिणीचं लग्न आलं. मी काय केलं असेल? जे फर्स्ट इयरपासून करत होते तेच. आमच्याकडे फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठाऊक असतं. लंबकाच्या प्रयोगात ९.८ यायला हवं म्हणजे हवं. मग उत्तरावरून उलटं मागे जायचं आणि रीडिंग बनवून जर्नलमध्ये लिहायची. फिजिक्सची प्रॅक्टिकलं अजूनही सरच घ्यायचे, त्यांनाही ते माहीत होतं. स्वतःच सांगायचे, "अगदी बरोब्बर आणू नका रे. दोन टक्के इकडेतिकडे करा, म्हणजे खरं वाटतं." मी लग्नात जिलब्या खाल्ल्या, परत येऊन चार दिवसांची बावन्न रीडिंग बनवली, इमाने इतबारे दोन टक्के इकडेतिकडे केली आणि दिली पाठवून.

मार्चच्या शेवटी बाईंचं मेल आलं. मेलं नुसतं मला आलं असतं तर! पण तिथे सगळा पत्रव्यवहार उघड्यावर, जगातली तीनशे माणसं वाचणार. बाईंनी रागाचा एक शब्द लिहिला नव्हता. नुसतं विचारलं होतं: "तुमचे आकडे छान आहेत. होडी गेली की पाणी हलतं आणि आकडा थोडा उडतो, तेही दिसतं. पण अकरा ते चौदा मार्च एकही आकडा उडत नाही. त्या चार दिवसांत खाडीतून होडी गेली नाही का?"

सरांनी मला बोलावलं. मेलचा कागद पुढे ठेवला. मी आधी रडले, आणि मग, लाज वाटते सांगायला, उलट बोलले. "सर, सगळेच करतात! दोन टक्के तुम्हीच शिकवलंत ना?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण ते उठले, पंख्याखाली उभे राहिले, चष्मा पुसला. मग कॉम्प्युटरसमोर बसून दोन बोटांनी टाइप करायला लागले. मी मागून वाचत होते. त्यांनी लिहिलं होतं, "हे चार दिवस खोटे आहेत, खोटं विद्यार्थिनीने केलं, पण असं करायला मी शिकवलं. पंचवीस वर्षं शिकवतो आहे."

"सर, निदान त्यांना एकट्यांना पाठवा ना," मी हात जोडले. "तीनशे माणसं वाचतील!"

"चोरी चव्हाट्यावर सापडली ना? मग कबुलीही तिथेच," म्हणाले आणि बटण दाबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सागरला तू सांगायचंस. मी नाही."

सागरला सांगणं हे त्या मेलपेक्षा वाईट होतं. तो ओरडला नाही. "माज्या बापसाला काय सांगू मी?" एवढंच म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला. त्या क्षणी धरणी दुभंगती तर बरं, असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. चार दिवस रिकामे ठेवा, रिकाम्या जागेचं प्रोग्राम बघून घेईल, खोट्या आकड्याचं त्याला काही करता येत नाही. मात्र आणखी पंधरा दिवसांची रीडिंग लागतील. पंधरा एप्रिलला उरले होते सोळा दिवस!

एप्रिलचं ऊन म्हणजे धक्क्यावर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. सहा वाजता पोचले तर सर माझ्या आधी हजर, डोक्याला टॉवेल, हातात वही. सर पंधराही दिवस आले. लेक्चरपुरते जायचे की परत. सागर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी बांबूवरची खूण वाचता वाचता म्हणाला, "तुज्या घरात अजून कुणाचं लगीन हाय काय गो? आसलं तर आताच सांग." मला एवढं हसू आलं की डोळ्यात पाणी आलं. त्या पंधरा दिवसांत होड्या गेल्या, लाँच गेली, एकदा म्हशी पाण्यात उतरल्या. आम्ही सगळं लिहिलं, म्हशीसुद्धा.

पंधरा एप्रिलला दुपारी मेल आलं. काम स्वीकारलं. सागरने लॅबमध्येच अशी आरोळी ठोकली की शिपाई धावत आला. आणि सर? सरांनी मान फिरवून नाक शिंकरलं, बराच वेळ.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक आमचा रिपोर्ट चाळता चाळता थांबले. "हे चार दिवस कोरे का? भरून टाकायचे. कोणाला कळणार होतं?"

सर शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण एक शब्द पुरवला नाही.

"भरले होते, सर," मी म्हटलं. "नॉर्वेला कळलं." आणि मग लग्न, जिलब्या, सगळं सांगितलं. परीक्षक हसले. मग हसायचे थांबले आणि रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचायला लागले. आम्ही दोघंही पास झालो. सागर जूनला मुंबईला गेला.

मी सर्टिफिकेट न्यायला कॉलेजात गेले तेव्हा फिजिक्सच्या लॅबमध्ये नवी बॅच होती. लंबकाचाच प्रयोग. आर्या नावाची एक बारीकशी मुलगी रडवेली होऊन खोडरबर घासत होती. तिचं उत्तर ९.१ आलं होतं आणि वरच्या वर्गातल्या कोणीतरी तिला दोन टक्क्यांची युक्ती सांगितली होती. सर तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"किती आलं होतं?"

"नऊ पॉइंट एक, सर. चुकलंय. बदलते."

"तेच लिही. आणि का चुकलं असेल ते खाली लिही."

तिने घाबरत घाबरत लिहिलं. सरांनी सही केली, दहापैकी दहा दिले, आणि जाताना तिचा खोडरबर उचलून स्वतःच्या खिशात टाकला.