जेवणानंतरचा संगणक

खुंटीवर कपडे साचतात तसे किस्से साचतात. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. माझ्या खुंटीवरचे बहुतेक किस्से एकाच वर्गातले आहेत, आणि तो वर्ग भरायचा जेवणानंतर.

शहापूर-मुरबाड भागातल्या एका कॉलेजात मी संगणकाचा इतिहास शिकवतो. आयटीच्या शेवटच्या वर्षाला हा ऐच्छिक विषय आहे. ऐच्छिक म्हणजे, ज्यांना दुसरं काही मिळालं नाही त्यांनी आपल्या इच्छेनं घ्यायचा! टाइमटेबलात उरलेली जागा मिळाली ती दुपारची. डबे धुऊन झालेले, पंखा हळू, खिडकीतून लांब माहुली किल्ल्याचे सुळके, त्यांच्यावर एखादा ढग टेकलेला. असं सगळं असताना जागं राहणं हाच एक विषय होऊ शकतो.

किस्से गेल्या वर्षीचे आहेत. वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा उपयोग लागतो. ते म्हणाले की जुन्या यंत्रांवर पोरांना नोकऱ्या मिळत नाहीत, त्याऐवजी डिजिटल मार्केटिंग लावू या. मी गयावया केली. शेवटी असं ठरलं, की वर्षाअखेर तोंडी परीक्षेला मुंबईहून परीक्षक येतील, ते म्हणतील तसं करायचं.

विषय बंद झाल्यानं माझी नोकरी गेली नसती, एक्सेल शिकवत बसलो असतो. पण हा विषय मी मागून घेतलेला. एवढी यंत्रं खिशात घेऊन फिरणाऱ्या पोरांना, ही आधी कुणाच्या तरी नुसत्या मनात होती, हे सांगताना मला फार बरं वाटतं. दिवसातला तो एक तास गेला असता तर बाकीच्या तासांचं मी काय करणार होतो, कोण जाणे.

*

पहिल्याच दिवशी मी सांगितलं की कॉम्प्युटर हे आधी माणसाच्या कामाचं नाव होतं. मोठ्या दालनात बायका रांगेनं बसायच्या, दिवसभर आकडेमोड करायच्या, आणि कुणी विचारलं काय करता, तर सांगायच्या, मी कॉम्प्युटर आहे.

पहिल्या बाकावर किन्हवलीची प्रणाली बसायची. तिला हात वर करून प्रश्न विचारायची सवय नव्हती, एकदम विचारायची.

"मंग सर, त्या हँग व्हायच्या का?"

मी म्हटलं, होत असतील. बहुधा जेवणानंतर.

"बरोबर हाय सर," मागून आवाज आला. बघतो तर मागचे तिन्ही बाक डोकं टेकून हँग झालेले.

*

प्राचार्यांचा मराठीवर भारी जीव. सिस्टीम म्हणायचं नाही, प्रणाली म्हणायचं, असा त्यांचा दंडक होता. कॉलेजात कुठंही संगणक अडला की शिपायापासून क्लार्कपर्यंत सगळे एका सुरात सांगायचे, प्रणाली बंद आहे.

आता आमची प्रणाली एक दिवस आली नाही. मी हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं, आणि आटगावचा भावेश झोपाळू आवाजात म्हणाला, "प्रणाली बंद आहे, सर."

वर्ग हसला. पुढे ती रोजची गंमत झाली. ती असली की "चालू आहे", नसली की "बंद आहे". किन्हवलीची एसटी काही तेव्हा भरवशाची नव्हती, त्यामुळे त्या पावसाळ्यात प्रणाली बऱ्याचदा बंद असायची.

एकदा प्राचार्य व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी नेमकं तेवढंच ऐकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक मेकॅनिक बॅग घेऊन माझ्या वर्गाच्या दारात उभा. म्हणाला, प्रणाली बंद पडतेय अशी कंप्लेंट आहे, कुठं आहे?

प्रणाली त्या दिवशी आलेली होती. ती उठून उभी राहिली. तो बिचारा तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मी ठीक हाय दादा. तेवढी एसटी बघा."

*

एका साहेबाची गोष्ट मी दरवर्षी सांगतो. त्यानं पितळी चाकांच्या एका मोठ्या यंत्राचे नकाशे काढण्यात आयुष्य घालवलं. कुठलाही हिशेब सांगा, यंत्र तो करणार होतं. पण ते पूर्ण झालंच नाही. माणूस गेला, नकाशे राहिले. त्याहून नवलाची होती एक बाई. तिनं त्या न झालेल्या यंत्राला सूचना लिहून ठेवल्या. घर बांधलेलं नाही आणि हिनं आत दिवा कुठं लावायचा ते ठरवलेलं!

हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. त्या दिवशी फारच खाली आला असावा, कारण भावेश गाढ झोपला. जवळ जाऊन मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि विचारलं की मी काय सांगत होतो.

त्यानं डोळे न चोळताच सांगितलं, "यंत्र, सर. झालं ते."

मी विचारलं, कुठं?

"आमच्या खळ्यात."

मग तो सांगत गेला, आणि मी त्याला थांबवलं नाही. खळ्यात उभं केलेलं यंत्र, आंब्याच्या झाडाएवढं उंच. चाकं पिवळी, ऊन पडल्यावर चमकणारी. त्याचे काका एका बाजूनं भाताच्या पेंढ्या देत होते आणि यंत्र जात्यासारखं घरघरत होतं. सगळं गाव भोवती बसलं होतं, कुणी बोलत नव्हतं. मी खडू घेतला आणि तो सांगेल तसं फळ्यावर काढत गेलो. एवढं ऐकणारा वर्ग मी कधी बघितला नव्हता.

शेवटी मी विचारलं, मग दुसऱ्या बाजूनं काय आलं?

"तेच बघत होतो सर, तेवढ्यात तुमी उठवला."

मला अजून त्याची हळहळ वाटते. त्या दिवसापासून मी त्या तासाला कुणालाही उठवणं सोडून दिलं. उलट तासाच्या शेवटी विचारायचो, कुणी काही बघितलं का? आणि सांगायला कुणी ना कुणी असायचंच.

प्राचार्यांनी मात्र एकदा खिडकीतून डोकावलं तेव्हा सगळी डोकी बाकांवर होती आणि मी हळू आवाजात बोलत होतो. त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, सर, उजळणी. जाताना ते एवढंच म्हणाले की हे परीक्षकांच्या कानावर घालावं लागेल.

*

आमच्या लॅबमधला एक संगणक दिवाळीच्या सुट्टीनंतर पेनड्राइव्ह घेईना. वाकून बघितलं तर कुंभारमाशीनं त्या भोकात मातीचं घर बांधलेलं, छान लिंपलेलं. मी काडी शोधायला गेलो. परत येईपर्यंत पोरांनी त्यावर चिठ्ठी चिकटवली होती, 'मेमरी फुल'.

मग मीही काडी टाकून दिली. माशीची पिल्लं उडून गेल्यावर संगणक पुन्हा पेनड्राइव्ह घ्यायला लागला.

*

मेमरीवरून आठवलं. फार जुन्या काही यंत्रांत आठवण ठेवायची पद्धत मोठी सुंदर होती. पाऱ्यानं भरलेल्या नळीत एका टोकाला आवाजाचा ठोका द्यायचा. तो पलीकडे पोचला की पकडून परत पहिल्या टोकाला सोडायचा. ठोका फिरत राहील तोवर यंत्राला आठवतंय. थांबला की विसरलं.

हे पोरांना पटेना. तेव्हा एका रविवारी मी सगळ्यांना टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या कड्याखाली घेऊन गेलो. टोकावडे म्हणजे रोशनचं गाव. रोशन असा मुलगा की वर्षभरात त्याचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता. त्याच्या घरी चहा झाला, त्याच्या आईनं सगळ्यांना भाकरी खायला लावली, आणि मग तोच पुढं होऊन आम्हाला कडा चांगला बोलतो त्या जागी घेऊन गेला. कडा बोलतो हा त्याचाच शब्द.

धुकं उतरत होतं. सगळ्यांनी मिळून "एक" अशी हाक दिली. थोड्या वेळानं कड्यानं "एक" परत दिला. तो विरायच्या आत पोरांनी पुन्हा हाक दिली. पुन्हा परत आला. असं आम्ही एक हा आकडा डोंगरात ठेवून बसलो. कड्याला तो आठवत होता, आम्ही थकत नव्हतो. प्रणालीनं डोळे मिटले होते. सगळ्यात मोठा आवाज रोशनचा होता.

तेवढ्यात वर धुक्यातून कुठूनतरी एका बाईचा आवाज आला. बहुधा शेरडं घेऊन गेलेली असावी.

"एक काय रे?"

पोरं हसून हसून बसली. पण ठोका चुकला होता. पुढची हाक कुणी दिली कोण जाणे, डोंगरातून परत आलं ते "एक काय". मग तेच फिरत राहिलं. परतीच्या एसटीत भावेश म्हणाला की सर, मेमरीत एरर आला. मला तो एरर वाटला नाही. डोंगराला विचारायचंच असेल तर त्यानं हेच विचारलं असतं.

*

आणि मग परीक्षक आले.

माणूस सौम्य होता. पांढरा शर्ट, हळू बोलणं, आणि मराठी अशी की प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. आल्या आल्या प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये नेलं. बाहेर आले तेव्हा परीक्षकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्यावरून झोपेची बातमी पोचली होती हे मला कळलं. नियम असा, की विषयाच्या मास्तरानं परीक्षकांशेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही.

पोरं घाबरून गेली होती. वर्षभर माझ्याशी मोकळी बोलणारी पोरं पुस्तकातली इंग्रजी वाक्यं पाठ म्हणून दाखवू लागली, मध्येच अडकली की पुन्हा पहिल्या शब्दापासून. भावेशनं तर टाय लावला होता. परीक्षक मान हलवत होते आणि त्यांच्या पापण्या जड होत चालल्या होत्या. मध्ये एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "यातलं यांना काही उमगतं का हो?" मला तोंड उघडायची मुभा नव्हती. विषय गेला हे मी मनाशी मान्य केलं.

शेवटी रोशन आत आला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. संगणकाच्या पोटात छोटी छोटी फाटकं असतात, त्यांना गेट म्हणतात. त्यातलं सगळ्यात साधं गेट उलटं करून देतं. हो आत गेला की नाही बाहेर पडतो, नाही आत गेला की हो बाहेर पडतो. पुस्तकात त्याला नॉट गेट म्हणतात. त्याची खूण म्हणजे एक त्रिकोण आणि टोकाला छोटा गोल. परीक्षकांनी ती कागदावर काढली आणि रोशनपुढे सरकवली.

"हे काय आहे?"

"नाय," रोशन म्हणाला.

"माहीत नाही?"

"माहीत हाय सर."

"मग सांग."

"नाय."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"बाळा, घाबरू नकोस. येत नसेल तर तसं सांग."

"येतं सर. नाय."

परीक्षकांनी सुस्कारा टाकला आणि पेन उचललं. तेव्हा रोशन खुर्चीत पुढे सरकला. त्यानं त्रिकोणाच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. म्हणाला, "इकडनं हो घातला का तिकडनं नाय येतो. नाय घातला का हो येतो. म्हनून ह्याचं नाव नाय."

पेन थांबलं. परीक्षकांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितला. मग त्यांनी त्या त्रिकोणापुढे आणखी एक तसाच त्रिकोण काढला.

"आणि असे दोन लावले तर?"

रोशननं खिडकीबाहेर बघितलं. माहुलीवर ढग होता.

"नाय नाय," तो म्हणाला, "म्हंजे हाय."

परीक्षकांनी तिसरा काढला. रोशन म्हणाला, मंग परत नाय. चौथा काढला. हाय. पाचवा. नाय. कागद संपला तरी परीक्षक थांबेनात, नुसतं बोटानं टेबलावर त्रिकोण काढायला लागले. नाय, हाय, नाय, हाय. दोघांचाही आवाज हळू झाला होता. पंखा फिरत होता. पाळण्याला झोका द्यावा तसं ते चाललं होतं, आणि माझेही डोळे मिटायला लागले होते.

त्याच वेळी दार उघडून प्राचार्य आत आले. मागे चहा होता. रोशन उठून उभा राहिला. प्राचार्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्या डोळ्यांकडे, आणि मग खुर्ची ओढून परीक्षकांजवळ बसले.

"मग सर," ते म्हणाले, "हा विषय आता बंदच करायचा ना?"

परीक्षकांचं बोट अजून टेबलावर फिरत होतं.

"नाय," ते म्हणाले.