शारदाक्काने लपवलेले कॉलम

शारदाक्का आज पहाटे गेली.

तिची नजर जातेय हे ऑफिसात सगळ्यात आधी मला कळलं होतं. तिनं गप्प राहायला सांगितलं, आणि मी गप्प राहिले.

नव्वदचं दशक. लग्न होऊन मी नागपूरहून बेंगळुरूला आले होते. कोरमंगलाच्या पलीकडे पंप बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे नोकरी लागली.

केबिनला खिडकी नव्हती. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून दार कायम बंद.

आत एसीची घरघर, मी आणि शारदाक्का.

ती इथलीच. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घर. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अहो-जाहो नको गं. अक्का म्हण, सरी?" सरी म्हणजे कानडीत 'बरं'.

स्पेअर पार्ट्सची एक एक्सेल शीट होती. खाली जावं तर संपायची नाही, उजवीकडे जावं तर संपायची नाही. मी त्यात रोज हरवायची. आकडा समोर असायचा, पण तो कशाचा ते कळायचं नाही.

अक्कानं मला वरची ओळ आणि डावा कॉलम फ्रीज करायला शिकवलं. "आता कुठंही जा, नावं जागची हलत नाहीत."

तिच्या मशीनवर मात्र मधले सगळे कॉलम लपवलेले असायचे. पार्टचं नाव आणि शिल्लक, अगदी शेजारी शेजारी.

मला वाटलं, सवय असेल.

एकदा मी बाजूनं चहाचा कप पुढे केला. तिला दिसलाच नाही. हात लागला, चहा कीबोर्डवर.

पुसता पुसता हळूच म्हणाली, "मेघा, मला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. बाजूचं सगळं बंद झालंय. डॉक्टर म्हणतात, मधलं पण जाणार."

"उपाय?"

"नाही."

मग म्हणाली, "कुणाला सांगू नको. घरी आई अंथरुणावर. नोकरी गेली तर दिवसभर ती खोली आणि मी."

आणि एका सोमवारी मॅनेजरनी हेड ऑफिसला पाठवायची म्हणून तिच्याच मशीनवर शीट पूर्ण उघडली. लपवलेला प्रत्येक कॉलम परत आला.

अक्का बसली आणि बाण दाबत राहिली. दाबतच राहिली.

"मी कुठं आहे गं?"

आवाज इतका बारीक होता की एसीत विरून गेला असता.

ती शीट तिनंच बांधली होती.

कॉलम पुन्हा लपवायची परवानगी नव्हती. मग आम्ही दोघींनी पार्ट्सच्या प्रत्येक गटाला नाव दिलं. एफ-फाइव्ह दाबायचं, 'VALVE' टाइप करायचं, एंटर. थेट तिथे.

आठवडाभर तेच केलं. नावं तिच्या बोटांत बसली.

काही महिन्यांनी मधलंही धूसर झालं. ती कर्सर जागेवर न्यायची, मी आकडा वाचून दाखवायची. बाहेरून कुणाला पत्ता लागायचा नाही.

पण तिलाच ते सहन होईना. रोज दार वाजलं की दचकायची.

एक दिवस उठली, भिंतीला हात लावत मॅनेजरकडे गेली आणि सगळं सांगितलं. मी दारात उभी होते.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, घरी आराम करा."

"सर, घरी आराम नाही. घरी नुसतं बसणं आहे."

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "मार्चपर्यंत या."

मार्चच्या शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "मला स्वल्प, जरा शॉपफ्लोरवर ने, पंप बनतात तिथे. पडायची भीती वाटायची म्हणून कधी गेलेच नाही."

मी हात धरून नेलं. मशीनच्या आवाजात ती माझ्या दंडाला घट्ट धरून चालत होती. एका फिटरला मी इंपेलर मागितला, म्हणजे पंपातला पंखा. त्यानं तो पुसून तिच्या हातात ठेवला.

तिनं कडेनं बोट फिरवलं. एकेका पात्यावरून. बराच वेळ.

"एवढा जड असतो?"

"हो अक्का."

"मी तर ह्याची फक्त ओळ बघितली गं."

फिटरही उभा राहिला.

नंतरची सगळी वर्षं ती त्या घरातच राहिली. आई गेली, मग भाऊ-भावजय आले. एकटीला ते बाहेर सोडत नसत. मी जायची तेव्हा कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायची. परतताना तिची पावलं हळू व्हायची, मला ते कळायचं.

मागच्या महिन्यात फोनवर विचारलं, "अक्का, कंटाळा येतो का?"

"येतो की. तुला खोटं कशाला सांगू?"

दुपारी तिला नेणार आहेत. मी निघाले आहे.

शारदाक्का, माझा तुला शेवटचा नमस्कार. सावकाश जा.