उपरण्याखालचं डॉट कॉम

डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि पायाखाली येत नाही अशा वस्तूची पारख करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या मेव्हणीचे सासरे. आमच्या बारामती-इंदापूरकडे त्या काळात नाना उद्योगांत हात पोळून घेतलेली माणसं काही कमी नव्हती. कुणी शेअर घेऊन बसला होता, कुणी सागाच्या झाडांच्या योजनेत पैसे गुंतवून झाडाचं पानही न बघता म्हातारा होत होता. पण त्यांच्या हाती निदान एखादं रंगीत सर्टिफिकेट तरी होतं. मेव्हणीच्या सासऱ्यांनी घरातली शेवटची वीस मेंढरं विकली आणि पाच नावं विकत घेतली. इंटरनेटवरची नावं. साल अठ्ठ्याण्णव. त्यांच्या निरवांगी गावात तेव्हा फोन सुद्धा मोजक्या घरांत होते आणि पाऊस पडला की तेही मुके होत.

सगळे त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरांचा मोठा कळप होता. आबांच्या काळात तो आटत आटत वीसवर आला, आणि आबा स्वतः जनावरांच्या बाजारात मध्यस्थी करू लागले. बैल विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये आबा. भाव तोंडाने बोलायचा नाही. हातावर उपरणं टाकायचं आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नाही. सौदा ठरला की भंडारा, म्हणजे देवाची हळद, तळहातावर घेऊन शब्द द्यायचा. तो शब्द दिला की मग राजा आला तरी जनावर दुसऱ्याला जायचं नाही. चाळीस वर्षांत आबांचा एकही शब्द पडला नव्हता आणि ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, दुसरे सांगत. मला वाटतं त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाला घरच्यांनी जे सांभाळून घेतलं ते ह्या एका गोष्टीपायी.

विक्षिप्तपणा मात्र भरपूर होता. दात बघितल्याशिवाय ते काहीही विकत घेत नसत. नवीन सायकल घेतली तेव्हा दुकानदाराच्या देखत तिच्या चेनचा एकेक दात त्यांनी बोटाने चाचपला होता. माझ्या लग्नात मी बोहल्याकडे चालत जात असताना हे मागे उभं राहून माझी चाल बघत होते, आणि मग मेव्हणीला म्हणाले, "पाव्हणा उजव्या पायानं जरा दबतोय, पर कामाला चालंल." तेव्हापासून मी त्यांच्यासमोर चालताना सावध असे. मी बारामतीत भिगवण रस्त्याला कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. सहा मशीन, दोन पंखे आणि पुण्याला एसटीडी लावून कसंबसं जोडलं जाणारं इंटरनेट, एवढा माझा संसार. एका बाजारच्या दिवशी आबा घोंगडी खांद्यावर टाकून क्लासात आले, सहाही मशीनच्या मागे जाऊन पाठीवरून बघून आले, आणि मग म्हणाले, "पाव्हणं, अमेरिकंत नाव इकून एकजण गबर झाला म्हणं. च्याच्या हाटेलात पेपर वाचत हुते. नाव कसं इकत्यात?"

मी त्यांना समजावलं. प्रत्येक नाव जगात एकदाच मिळतं, जो आधी नोंदवील त्याचं. पुढे कुणाला ते हवं झालं की त्याने ह्याच्याकडे यायचं. आबांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हंजी गायरान हाय," ते म्हणाले. "जो आधी मेख ठोकंल त्येची जागा. रस्ता अजून यायचाय." इतक्या थोडक्या शब्दांत हा धंदा मला पुढेही कुणी सांगितला नाही. मी हसलो, चहा पाजला आणि विसरलो. आठ दिवसांनी ते मेंढरांचे पैसे कोपरीच्या खिशात घालून हजर झाले.

नाव निवडायची त्यांची रीत मात्र बाजारातलीच होती. मी कागदावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून द्यायचं. आबांना इंग्रजी येत नव्हतं, त्याची त्यांना अडचणही वाटली नाही. ते कागद भिंतीला लावत, समोरून बघत, एका बाजूने बघत. लांबलचक नाव दिसलं की मान हलवत. "ह्ये लई लांबाट हाय. वळणावर अडकंल. आखूड आन भरल्या अंगाचं दाव." शेवटच्या डॉट कॉमबद्दल त्यांचं मत असं की शेपूट सगळ्यांना सारखंच आहे, तेव्हा पारख तोंडावरूनच करायची. मग ते नाव निरवांगीला नेत आणि शिवाराच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाला हाक मारून बघत. ज्या नावाची हाक लांब जाईल ते चांगलं. अशा कसोटीला उतरून गूळ, घोंगडी, खिल्लार, लोकर आणि डाळिंब ही पाच नावं पास झाली. पुण्यातल्या एका एजंटाने ती नोंदवून दिली. पत्ता कुणाचा द्यायचा? आबांना ईमेल नव्हता, म्हणून माझ्या क्लासचा दिला.

घरी ह्याचं स्वागत कसं झालं ते सांगायला नको. रिकाम्या वाड्यासमोर, म्हणजे मेंढरं कोंडायच्या काट्याकुट्याच्या कुंपणासमोर उभं राहून त्यांच्या कारभारणी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ह्यांनी मेंढरं इकून वारा इकत घेतला." सकाळचा चहा त्या न बोलता पुढे ठेवत आणि आत जात. आबा चहा पीत आणि वाड्याकडे बघत. मला एकदाच म्हणाले, "तिचं खरं हाय. पहाटं वाड्यातनं आवाज येत न्हाय, तर मलाबी झोप लागत न्हाय." एक नाव जरी चांगल्या भावाला गेलं तरी पहिल्यांदा मेंढरंच आणायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं कऱ्हाटीहून. डाळिंबाची बाग स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली एक बाई होती, आबांच्या मध्यस्थीने तिने दोनदा बैलजोडी घेतली होती. तिला इंटरनेट नको होतं. मुंबईच्या बाजारात दुसऱ्यांच्या पेट्यांवर इंग्रजीत डॉट कॉम छापलेलं तिने पाहिलं होतं, तसं तिला आपल्या पेटीवर हवं होतं, आणि ते खोटं छापायचं नव्हतं. "आबा, दुसऱ्याचं नाव माझ्या मालावर नगं. माझं म्हणून आसंल तर द्या," ती म्हणाली. क्लासाच्या ओट्यावर उपरणं टाकलं गेलं, त्याखाली बोटं दाबली गेली, आणि डाळिंब हे नाव तिला ठरलं. भाव काय ठरला ते त्या दोघांनाच ठाऊक. पैसे बहार उतरल्यावर. भंडारा हातावर घेऊन आबांनी शब्द दिला. इसार घेतला नाही, कागद केला नाही.

आणि महिनाभरातच पुण्याहून एक गृहस्थ पांढऱ्या गाडीतून आले. फळं परदेशी पाठवायचा त्यांचा मोठा व्यवहार होता आणि त्यांना नेमकं हेच नाव पाहिजे होतं. नोंदीतला पत्ता शोधत ते माझ्या क्लासात उतरले. मी आबांना निरोप धाडला. आबा आले, बसले आणि पाहुण्याचं मन राखायला म्हणून त्यांनी सवयीने उपरणं पुढे केलं. त्या सज्जन माणसाला वाटलं हस्तांदोलनाची ही इथली पद्धत असेल. त्याने उपरण्याखाली हात घालून आबांचा अख्खा पंजा प्रेमाने दाबला. बाजाराच्या भाषेत तो आकडा इतका मोठा होता की आबा दचकून माझ्याकडे बघू लागले. पुढे त्याने तोंडाने सांगितलेला आकडा त्याच्या निम्मा होता, तरी त्यात वीस मेंढरं दोनदा आली असती.

"त्ये दिल्यालं हाय," आबा म्हणाले.

"करार झालाय का?" त्यांनी विचारलं.

"कागूद न्हाय. भंडारा हाय."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना भंडाऱ्याचा अर्थ सांगितला. आबांना त्यांचं रिकाम्या हाताने जाणं बरं वाटेना. "घोंगडी घ्या की," ते आपुलकीने म्हणाले. "घोंगडी मोकळी हाय." डाळिंबं परदेशी धाडणारा माणूस घोंगडी घेऊन काय करणार? गाडी गेली. मी मात्र चिडलो होतो. म्हटलं, "आबा, तिला दुसरं कुठलंही नाव चाललं असतं. तिला काय फरक पडणार होता? मेंढरं परत आली असती." ते उपरण्याची घडी घालत होते. "आली आसती," ते म्हणाले. "पर मंग बाजारात कुणाच्या हातात हात घालू?"

बहार उतरला तशी बाई सांगितल्या दिवशी आली, ठरलेलं सगळं दिलं, आणि आबांनी तिला कुंकू लावलेल्या कागदावर नाव लिहून दिलं. त्या पैशांत दोन कोकरं आली. वाड्यातून पहाटे आवाज येऊ लागला आणि कारभारणींनीही चहाबरोबर चार शब्द द्यायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट मात्र राहून गेली. आमच्याकडे जनावर विकलं तर विकणारा त्याचं दावं देत नाही. दोर आपल्यापाशी ठेवायचा, नाहीतर त्याच्याबरोबर घरची लक्ष्मी जाते. एजंटाने दिलेला नोंदणीचा आणि पासवर्डचा कागद आबांच्या लेखी दावंच होतं. तो त्यांनी दिला नाही, गोठ्यातल्या खुंटीला दाव्यांच्या शेजारी टांगून ठेवला. म्हणजे व्यवहारात नाव बाईचं झालं आणि नोंदीत आमच्याकडेच राहिलं. मला हे कळत होतं. बदलून घेऊ कधीतरी, असं म्हणत मी ते पुढे ढकललं.

नोंदणी दोन वर्षांची असते आणि मग पुन्हा पैसे भरावे लागतात, हेही मी आबांना कधी नीट सांगितलं नव्हतं. दोन वर्षं भरत आली तेव्हा एजंटाचं पत्र क्लासच्या ईमेलवर आलं. मी ते वाचलं. बाकीच्या चार नावांना कुणी विचारत नव्हतं, ती गेली तरी चालणार होतं. डाळिंबाचं आबांना सांगू, असं मनाशी म्हटलं. क्लासात परीक्षा चालू होत्या. मधल्या काळात आबा दोनदा येऊन गेले, चहा झाला, मेंढरांच्या गोष्टी झाल्या आणि पत्राचं बोलणं राहिलं. मग एक दिवस एजंटाचाच फोन आला की मुदत टळली, नाव परदेशातल्या कुणीतरी उचललं.

आबांना मी एवढंच सांगितलं की मुदत संपली. ते लगेच उठले. मला स्कूटर काढायला लावून कऱ्हाटीला गेले. बाई पेट्या भरत होती, पेटीवर ते नाव ठळक छापलेलं होतं. आबांनी तिने नावापायी दिलेले पैसे तिच्यापुढे ठेवले. तिने ते उचलून परत त्यांच्या हातात दिले. "आबा, व्यापारी पेटीवरचं वाचून मलाच हुडकत येत्यात. माझं काय आडलंय? च्या घ्या," ती म्हणाली. ती हसत होती. आबांनी चहा घेतला, पण पेटीकडे पाठ करून.

परत येताना कालव्याच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली आणि कठड्यावर बसले. म्हणाले, "पाव्हणं, चाळीस वर्सं बाजार केला. आज शब्द पडला."

"तुमची चूक नाही, आबा," मी म्हणालो.

"मंग कुणाची?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "अमेरिकेतला नियमच तसा आहे." त्यांनी मान हलवली. "व्हय. त्यो मी इचारायला पायजे हुता," ते म्हणाले, आणि उठले. पुढच्या बाजाराला ते गेले, पण एका अंगाला बसून राहिले. लोकांनी हाका मारल्या, उपरणं पुढे केलं, तरी त्यांनी पुन्हा कुणाच्या सौद्यात हात घातला नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "आता डोळं काम देत न्हाईत." लोकांना ते पटे, कारण वय झालं होतंच.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीला मला वाटे, सांगून टाकावं. मग वाटे, आता सांगून काय मिळणार, उगीच नात्यात वाईटपणा. अशी कारणं माणसाला सापडत जातात. आजही घरात कुणी त्यांची आठवण काढली की मेव्हणी अभिमानाने सांगते, आमच्या आबांचा शब्द आयुष्यात एकदाच पडला. सगळे मान हलवतात, मीही हलवतो. तो एकदाही पडला नव्हता. पत्र माझ्याकडे आलं होतं.