कंपाउंडरकाकांची उद्यापर्यंतची हमी

बाबा सिंगापूरला आले ते डिसेंबरात, हाफ स्वेटर घालून. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि घामाच्या धारा लागल्या, तरी स्वेटर निघेना. मी म्हटलं, बाबा, इथे थंडी नसते हो. तर त्यांचं म्हणणं, डिसेंबर आहे ना? मग थंडी येणारच, अजून पोचली नसेल. सगळं आयुष्य एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढलेल्या माणसाला गाडी आली नाही म्हणजे ती लेट आहे, एवढंच वाटतं.

क्लेमेंटीतल्या फ्लॅटमधला माझा रूममेट सुट्टीला घरी गेला होता, त्याच्या खोलीत बाबांची सोय केली. आई ताईच्या बाळंतपणासाठी मागे राहिली होती. तिने फोनवर बजावलं, दिवाळीआधी अँजिओप्लास्टी झालीय, डॉक्टर म्हणतात रोज चालायला पाहिजे, आणि हे फाटकापर्यंत जाऊन परत येतात. मग आवाज खाली आणून तिने खरं कारण सांगितलं.

आमच्या गावाबाहेर जुना पाट आहे. पाणी केव्हाच नव्या कालव्याने पळवलं, पण काठची वाट राहिली. हिवाळाभर बाबा आणि त्यांचे जोडीदार, डॉक्टरांकडचे कंपाउंडरकाका, पहाटे त्या वाटेने फिरायचे. शेवटी पाटाच्या दाराचं गंजलेलं लोखंडी चाक आहे. त्याला हात लावायचा आणि मागे फिरायचं. हात नाही लागला तर ते फिरणं धरतच नाहीत. काका हात लावून रोज म्हणायचे, "लागला. आता उद्यापर्यंत हमी."

गेल्या हिवाळ्यात एकदा थंडी फार होती. बाबा म्हणाले, इथूनच फिरू, चहा पिऊ. दोघं चाकाला हात न लावता परतले, आणि आईकडून चहा घेताना तसं बोललेही. त्या रात्री काका गेले. बाबा त्यावर कुणाशी एक शब्द बोलले नाहीत, फक्त पाटावर जायचे बंद झाले.

तर मी त्यांना बसने बुकित तिमाहला नेलं. तिथे जुनी रेल्वेलाइन होती. गाड्या बंद झालेल्या, रूळ उचललेले, दोन्ही बाजूंना झाडी आणि मध्ये गवताची ओली वाट. पुढे एक काळा लोखंडी पूल तेवढा ठेवलेला. मला वाटलं होतं बाबांना आवडेल. ते थोडं चालले आणि थांबले. म्हणाले, राम राम करायला एक माणूस नाही, हे कसलं फिरणं?

एवढंच ना? मी आख्खं गाव आणलं. लहानपणापासून लोकांच्या नकला करणं हा माझा धंदाच. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली होती. आता आधी गावातला रिटायर्ड नायब तहसीलदार झालो आणि पोट साफ न होण्याची कहाणी सुरू केली. बाबांनी गंभीरपणे विचारलं, इसबगोल घेऊन बघितलं का साहेब? मग मी बँकेतला कॅशियर होऊन रोजच्यासारखी सुनेची तक्रार केली. बाबा म्हणाले, तुम्ही गप्प बसा, सून चांगली आहे.

रोज एकेक माणूस वाढत गेला आणि वाटही थोडी थोडी लांबली. एक चिनी आजी आम्हाला नेहमी भेटायच्या, टाळ्या वाजवत उलट्या चालणाऱ्या. गुडघ्यांना बरं असतं म्हणे. बाबांकडे बघून त्या म्हणायच्या, "अंकल, सो हॉट, स्टिल वेअर स्वेटर आह?" बाबा त्यांना शुद्ध मराठीत सांगायचे, डिसेंबर आहे. दोघांचं छान जमायचं.

एका सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. वळण घेतलं आणि समोर पूल दिसला. बाबा जागच्या जागी उभे राहिले.

"इथूनच फिरू," म्हणाले.

माझ्याकडचं सगळं गाव संपलं. तहसीलदार सुचेना, कॅशियर सुचेना. शेवटी जो आवाज इतके दिवस मुद्दाम काढला नव्हता तोच काढला. कंपाउंडरकाका होऊन म्हटलं, "काय कंट्रोलर, दमलात?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं, आता बस पकडून घरी.

"तो असा नव्हता बोलत," ते म्हणाले. "तू नाकातून बोलतोयस. त्याच्या तोंडात पान असायचं."

मग त्यांनी हनुवटी वर केली, एक गाल फुगवला, आणि पानाचा रस सांभाळत म्हणाले, "चल रे कंट्रोलर. चहा काय पळून जातोय का?"

मी चक्क मागे वळून बघितलं. इतका हुबेहूब. मला वाटायचं नकला मी स्वतःच शिकलो.

बाबांचा गाल खाली बसला. स्वतःच्या आवाजात हळूच म्हणाले, "त्या दिवशी तो हेच म्हणाला होता. मी ऐकलं नाही."

बाबा चालायला लागले. मी मागून. चिखल चुकवत, स्वेटर सावरत ते पुलापर्यंत गेले आणि लोखंडावर पंजा टेकवला. आता हमीचं वाक्य येणार म्हणून मी वाट बघत राहिलो. ते म्हणालेच नाहीत. बराच वेळ हात तसाच ठेवला.

"तू पण लाव," म्हणाले. मी लावला. ओलं, थंडगार लोखंड होतं.

मग त्यांनी स्वेटर डोक्यातून काढला आणि कमरेला बांधला. परत फिरताना त्या आजी उलट्या चालत येत होत्या. बाबांनी त्यांना हात जोडून राम राम केला.

"कॅशियर तुला नीट जमत नाही," बसस्टॉपवर ते म्हणाले. "तो शेवटचा शब्द गिळतो. उद्या निघताना सांगतो."